मावशीचं हाँगकाँग

हाँगकाँग बघायला येणाऱ्यांना जाणकार सांगतात, सेंट्रल या बँका-कचेऱ्यांच्या भागात रविवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. मनिलाहून पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना मी उलटं सांगते. बाकी वेळापत्रक कसंही आखा, पण त्यात एक रविवार बसवा आणि तो सेंट्रललाच घालवा.

रविवारी तिथला चेटर रोड गाड्यांना बंद असतो. एरवी बँकांमधली माणसं जिथून हातातली कॉफी सांभाळत धावत असतात, तिथे सकाळपासून पुठ्ठे अंथरले जातात. एचएसबीसीच्या मुख्य कचेरीचा तळमजला चारी बाजूंनी मोकळा आहे. नॉर्मन फॉस्टर या वास्तुविशारदाची ही 1985 सालची इमारत, तेव्हा जगातल्या सगळ्यात महागड्या इमारतींत गणली गेलेली. तिच्या पोटाखाली त्या दिवशी फिलिपिनो बायकांचे डबे उघडतात. अदोबो, पान्सित, भात, पुन्हा भात. कुणी पत्ते खेळतं, कुणी कुणाची नखं रंगवतं, कुणी गावाकडच्या मुलाचा गृहपाठ व्हिडिओ कॉलवर तपासतं. पलीकडे नाचाची तालीम चाललेली असते, आणि एखाद्या रविवारी रस्त्यातच सौंदर्यस्पर्धा भरते, मुकुट, पट्टा आणि उंच टाचांसकट. या शहरात घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका दोन लाखांच्या आसपास आहेत आणि आठवड्याची सुट्टी बहुतेकींना रविवारीच मिळते. इतर पर्यटक या गर्दीतून पर्स छातीशी धरून वाट काढतात. मनिलाचा पाहुणा मात्र विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी आपल्याच गल्लीत येऊन उभा राहतो, आणि कुणीतरी त्याला जेवायला बसवतंच.

पहिला परदेश म्हणून हाँगकाँग निवडायचं कारण साधं आहे. विमानाने दोन-सव्वादोन तास, आणि फिलिपिन्सच्या पासपोर्टवर चौदा दिवस व्हिसा लागत नाही. पण खरी परीक्षा असते ती स्वतःच्या देशातून बाहेर पडताना. मनिलाच्या विमानतळावरचा अधिकारी पहिल्यांदा निघालेल्याला बारीक चाळणीतून काढतो. पर्यटक म्हणून जायचं आणि तिकडेच कामाला राहायचं, किंवा एजंटाच्या जाळ्यात सापडायचं, असे प्रकार इतके झालेत की त्याला प्रत्येकाचा संशय येतो. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, नोकरीचा दाखला, साहेबाने रजा मंजूर केल्याचं पत्र अशी फाइल घेऊन लोक निघतात आणि तरीही काहींना तिथूनच घरी पाठवलं जातं. त्यामुळे हाँगकाँगला पोचलेला फिलिपिनो पाहुणा निम्मी लढाई जिंकून आलेला असतो. इथला अधिकारी त्याच्याकडे धड बघतसुद्धा नाही. पासपोर्टवर शिक्काही उठवत नाही, कारण 2013 पासून हाँगकाँगने शिक्का बंद करून एक चिटोरं द्यायला सुरुवात केली. आयुष्यातला पहिला परदेश आणि कोऱ्या पासपोर्टवर काहीच नाही! ते चिटोरं मग पासपोर्टच्या पानात जपून ठेवलं जातं.

विमानतळावर घ्यायला मावशी आलेली असते. मावशी, आत्या, मोठी बहीण, कधी सख्खी आई. आमच्या इथल्या घरी मुलांना सांभाळणाऱ्या फिलिपिनो ताईकडे अशी भाचरं येत असतात, त्यामुळे हे सगळं मला जवळून दिसतं. मावशी या शहरात कैक वर्षं राहिलेली, तेव्हा तिच्याइतका चांगला वाटाड्या कोण, असं भाचरांना वाटतं. ताईला शहर माहीत आहेच. कुठल्या मंडईत संध्याकाळी पालेभाजी निम्म्या भावात मिळते, कुठल्या दवाखान्यात सकाळी लवकर नंबर लावावा, पैसे पाठवायची रांग कुठे भरभर सरकते, शाळेची बस चुकली तर कुठली मिनीबस पकडावी, हे तिला झोपेत विचारा. पण पीकवरून, म्हणजे शहराच्या डोक्यावरच्या डोंगरावरून, रात्रीचं बंदर कसं दिसतं? डिस्नेलँडचं तिकीट आत गेल्यावर मिळतं की आधी घ्यावं लागतं? ते तिला माहीत नव्हतं, कारण ती तिथे कधी गेलीच नव्हती.

यात नवल नाही. मुंबईत जन्म काढलेला माणूससुद्धा घारापुरीच्या लेण्यांना गावाकडचे पाहुणे आले की मगच जातो. पण तो एरवी जात नाही तो आळसामुळे. ताईचा हिशोब वेगळा आहे. इथल्या नियमाने मालकाच्याच घरी राहायचं, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि महिन्याच्या साधारण पाच हजार हाँगकाँग डॉलरांतून भाच्याची फी, आईची औषधं, घराचं छप्पर. एका माणसाचं डिस्नेलँडचं एका दिवसाचं तिकीटही सहाशेच्या वरच जातं. एकटीने कशाला जायचं? भाचरं आली म्हणजे त्या खर्चाला निमित्त मिळतं. त्यामुळे पहिल्यांदा हाँगकाँग बघणारे पाहुणे आले असं जेव्हा म्हणतात, तेव्हा त्यांच्यात मावशीलाही मोजायला हवं. फोटोत ती सगळ्यात कडेला उभी असते, पण डोळे तिचेच सगळ्यात मोठे झालेले असतात.

पीकवर जायला दोन वाटा आहेत. दोराने ओढली जाणारी पीक ट्राम सगळ्यांना हवी असते आणि रांगही तिलाच असते. मी पंधरा नंबरची बस सुचवते. सेंट्रलहून निघते, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर वळणावळणाने शहर उलगडत जातं, आणि तिकीट ट्रामच्या मानाने किरकोळ. मनिलाच्या जीपनी नावाच्या छोट्या बसांत वाढलेल्या पोरांना ती वळणं चांगली मानवतात. पण ताईच्या भाच्याला ट्रामच हवी होती, आणि खरं सांगायचं तर एकदा तरी ट्रामने जावंच. 1888 साली सुरू झालेल्या त्या ट्राममधली पुढची जागा गव्हर्नरसाहेबांसाठी राखीव असायची. 1904 च्या कायद्याने पीकवर राहायचा हक्कही गोऱ्यांपुरता ठेवला होता. चिनी माणसाला तिथे घर करता येत नसे, अपवाद घरच्या नोकरचाकरांचा. तो कायदा 1946 मध्ये रद्द झाला. रांगेत उभं असताना हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे मॅम, मला तेव्हाही राहता आलं असतं,’’ आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की पुढचं चिनी कुटुंब वळून बघायला लागलं.

त्याच 1888 सालात बंदरात स्टार फेरीची सुरुवात झाली, आणि ही गोष्ट मी कुठल्याही पाहुण्याला सांगितल्याशिवाय सोडत नाही. ती सुरू करणारा दोराबजी नौरोजी हा मुंबईकडून आलेला पारशी. इथे आला तेव्हा स्वयंपाकी होता असं सांगतात; पुढे पाव भाजले, हॉटेलं चालवली, मग होड्या घेतल्या. होड्यांची नावं मॉर्निंग स्टार, ईव्हनिंग स्टार अशी, आणि 1898 मध्ये कंपनीचंही नाव स्टार फेरी पडलं. आजही पाच-सहा डॉलरांत सेंट्रलहून चिम शा च्युईला जाता येतं. हिरव्यापांढऱ्या होडीत लाकडी बाकं आहेत आणि त्यांची पाठ उलटसुलट फिरते, म्हणजे जाताना-येताना तोंड नेहमी पुढेच. पलीकडे उतरलं की थोड्याच अंतरावर मोदी रोड. हाही मुंबईचाच पारशी, होरमसजी नौरोजी मोदी. हाँगकाँग विद्यापीठ उभं राहिलं त्यात त्यांच्या देणगीचा मोठा वाटा. हे सगळं सांगताना माझा स्वर जरा घरच्या लग्नातल्यासारखा होतो. होऊ दे.

त्यांच्या स्वतःच्या देशाच्या खुणा मात्र फिलिपिनो पाहुण्यांना कुणी दाखवत नाही, त्याची मला चुटपुट लागते. सेंट्रलहून डोंगराच्या अंगाने वर चढणारे सरकते जिने आहेत, उघड्यावरचे, एकूण आठशे मीटर लांब. सकाळी दहापर्यंत ते खाली वाहतात, कारण लोक कामाला उतरत असतात. मग दिवसभर वर. त्यांच्यावर उभं राहून फुकटात अर्धं शहर बघून होतं. वरच्या टप्प्यात जिना सोडला की रेडनॅक्सेला टेरेस नावाची एक चिंचोळी गल्ली लागते. अलेक्झांडर हे नाव कुणा कारकुनाने चिनी पद्धतीने उजवीकडून लिहिलं आणि ते तसंच राहिलं, अशी आख्यायिका आहे. या गल्लीत होसे रिझाल राहत होते. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष, ज्यांचा पुतळा त्यांच्याकडे गावोगावी असतो आणि ज्यांच्या कादंबऱ्या शाळेत सक्तीच्या आहेत. व्यवसायाने ते डोळ्यांचे डॉक्टर. 1891 च्या अखेरीस हाँगकाँगला आले, 1892 च्या जूनपर्यंत इथे राहिले आणि खाली डॅगिलार स्ट्रीटवर दवाखाना चालवला. तिथे आता दारूचे बार आहेत, भिंतीवर एक पाटी आहे. इथून ते मायदेशी परतले. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारने आधी हद्दपार केलं आणि 1896 च्या 30 डिसेंबरला मनिलात गोळ्या घातल्या, पस्तिसाव्या वर्षी.

ताईच्या भाच्याने पाठ केलेल्या धड्यासारखी तारीख घडाघडा म्हणून दाखवली. पण ते इथे, सरकत्या जिन्याशेजारी राहत होते हे त्याला ठाऊक नव्हतं. ताईलाही नव्हतं, आणि ती त्या जिन्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन शेकडो वेळा गेली असेल.

दुसरी खूण वान चायमध्ये, मॉरिसन हिल रोडला. फिलिपिन्सचा पहिला झेंडा तिथल्या एका घरात शिवला गेला. 1898 साली क्रांतिकारकांचे नेते एमिलिओ आगिनाल्दो हाँगकाँगमध्ये होते. त्यांनी मार्सेला अगोनसिलो या बाईंना झेंडा शिवायला सांगितलं. मदतीला त्यांची लहान मुलगी लोरेन्झा आणि रिझाल यांची भाची डेल्फिना. तिघींनी पाच दिवसांत तो पुरा केला, आणि 12 जून 1898 ला फिलिपिन्समधल्या कावीतमध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हा तोच फडकला. (परक्या मुलखात आपला झेंडा उंचावायची कामगिरी 1907 मध्ये मादाम कामांनीही केली, श्टुटगार्टला. हेही मी सांगितलं, पण त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.) घर आता नाही, एका छोट्या बागेत स्मृतिफलक आहे. आजूबाजूला म्हातारे व्यायाम करत असतात. फलकासमोर उभं राहून भाचरांनी फोटो काढले, आणि ताई म्हणाली, म्हणजे हाँगकाँगला येऊन राबणाऱ्या पहिल्या बायका ह्याच. मला ते पटलं नाही. अगोनसिलो बाई सुखवस्तू घरच्या, त्या राजकीय निर्वासित होत्या. पण मी वाद घातला नाही.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. डिस्नेलँडला जाणाऱ्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत, पोरांची निम्मी मजा तिथेच वसूल होते. लांताऊ बेटावरचा काशाचा बुद्ध 34 मीटर उंच, पायऱ्या 268, आणि तिथवर नेणारा रोपवेचा पाळणा समुद्रावरून साधारण पंचवीस मिनिटांत पोचवतो. ढग उतरले तर मात्र पाळण्यातून पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही, पैसे तेवढेच. रात्री आठचा बंदरावरचा दिव्यांचा खेळ मला तरी सामान्य वाटतो. त्यापेक्षा दुमजली ट्राममध्ये बसून नॉर्थ पॉइंटला जावं. तिथल्या मंडईच्या अगदी अंगावरून ट्राम जाते, भाजीवाले हलतसुद्धा नाहीत.

डिसेंबरात आलात तर एक गोष्ट हमखास दिसेल. पारा सोळा-सतरावर असतो आणि फिलिपिनो पाहुणे जाड फुगीर जाकिटं, लोकरी टोप्या, काहीजण तर हातमोजे घालून फिरतात. थंडी त्यांच्या गावी विकतही मिळत नाही, तेव्हा तिचे फोटो काढायला नकोत? घामाघूम होऊन काढतात. सकाळी चहा-नाश्त्याच्या गजबजलेल्या चा चान तेंगमध्ये अनोळखी माणसांच्या टेबलाला बसवलं की हीच माणसं जरा बावरतात, पण दुधाचा कडक चहा येईपर्यंत समोरच्या आजोबांशी खाणाखुणांनी गप्पा सुरू झालेल्या असतात. दुपारी मात्र भात पाहिजे. मिळाला नाही तर सेंट्रलचं जॉलिबी, त्यांच्याकडचं फास्टफूडचं दुकान, आहेच. परदेशात येऊन घरचंच खायचं म्हणून हसणाऱ्यांनी आपल्या सहलींतले ठेपले आठवावेत.

शेवटचा दिवस खरेदीचा, आणि तो दिवस मावशीच्या ताब्यात. वर्ल्ड-वाइड हाऊस या इमारतीचे खालचे मजले म्हणजे जवळजवळ फिलिपिन्सच आहेत. पैसे पाठवायच्या खिडक्या, सिमकार्डं, सुके मासे, आणि घरी पाठवायची पुठ्ठ्याची ती प्रचंड खोकी. गावातल्या प्रत्येकासाठी काहीतरी न्यावंच लागतं, शेजारणीच्या सुनेसाठीसुद्धा. चॉकलेटं, साबण, टूथपेस्ट, बूट. ताई यादी हातात धरून बॅग भरते, वजनकाट्यावर ठेवते, चॉकलेटाचा एक पुडा काढते, दोन टी-शर्ट वाढवते. तिथे मला कुणी विचारत नाही.

आता पुढच्या हिवाळ्यात तिची धाकटी बहीण यायची आहे, तीही पहिल्यांदाच. पीकचं ट्रामचं तिकीट आधीच काढून ठेवू का, असं मी विचारलं. ताई म्हणाली, ‘‘तिला भाचा दाखवील व्हिडिओवर. आम्ही मकावला जाणार. तो समुद्रावरचा लांब पूल आहे ना, बस जाते तिथून. मी अजून बघितला नाही.’’