जेट इंजिनातली आग पुढून का बाहेर पडत नाही?

मधोमध कापलेल्या जेट इंजिनाचं चित्र बघितलं की मला सगळ्यात आधी हाच प्रश्न पडतो. नळकांडं दोन्ही बाजूंनी उघडं, मध्ये सतत आग पेटलेली, मग तो तापलेला वायू गुपचूप मागेच का जातो? पुढे दार नाही, व्हॉल्व्ह नाही, नुसती गरगर फिरणारी पाती आहेत. या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं ना, की कंप्रेसर (पुढे हवा दाबणारी पाती) आणि टर्बाइन (मागे तापलेल्या वायूवर फिरून कंप्रेसरला फिरवणारी पाती) दोन्ही कळले असं समजा.

बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं की आत स्फोट होतो आणि प्रेशर वाढतं. गाडीच्या सिलिंडरमध्ये ते बरोबर आहे कारण तिथे जागा बंद असते. जेटमध्ये तसं होत नाही. इथे इंधन जळल्यावर प्रेशर वाढत नाही, उलट चार-पाच टक्क्यांनी कमीच होतं. हवा तापते, फुगते आणि जोरात पुढच्या टप्प्याकडे पळते, बस. म्हणजे अख्ख्या इंजिनात सगळ्यात जास्त प्रेशर कुठे असेल तर कंप्रेसर संपतो तिथे, आगीच्या आधी. हवा जास्त प्रेशरकडून कमी प्रेशरकडे जाते म्हणून आग मागे जाते. कंप्रेसर म्हणजेच ते न दिसणारं दार आहे, आणि ते फिरत आहे तोवरच बंद आहे.

आता हे दार बनवणं किती अवघड आहे ते बघा. कंप्रेसरमध्ये फिरणाऱ्या पात्यांची एक रांग, मागे स्थिर पात्यांची एक रांग, अशी जोडी म्हणजे एक स्टेज. फिरणारी पाती हवेला वेग देतात, स्थिर पाती तो वेग मोडून त्याचं प्रेशर करतात आणि हवेला पुढच्या रांगेसाठी सरळ करतात. एका स्टेजला प्रेशर साधारण 1.3 पट वाढलं असं धरा. ऐकायला काहीच नाही, पण पटीवर पट चढत जाते, अशा 10 स्टेज लावल्या की जवळपास 14 पट होतं. हवा दाबली जाईल तशी कमी जागेत मावते म्हणून मागची पाती पुढच्यांपेक्षा आखूड होत जातात, शेवटची तर बोटाएवढीच उरतात.

मग एकाच स्टेजमध्ये भरपूर का नाही दाबायची? कारण हवेला हे नकोच असतं. कंप्रेसरमध्ये हवेला चढ चढायचा असतो आणि टर्बाइनमध्ये उतार असतो. चढावर जरा जास्त घाई केली की हवा पात्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहायचं सोडते, सुटते, म्हणजे स्टॉल. टर्बाइनमध्ये प्रेशर उतरतच असतं त्यामुळे तिथे पात्यांना कितीही वाकवा, हवा निमूट वळते. बोइंग 737 वरचं सीएफएम56-7बी हे इंजिन घ्या. त्याच्या हाय प्रेशर कंप्रेसरला (म्हणजे कंप्रेसरचा मागचा, जास्त दाबाचा भाग) 9 स्टेज आहेत आणि तो सगळा फिरवायला टर्बाइनची स्टेज फक्त 1! मला हा आकडा फार आवडतो, सगळा फरक त्यात दिसतो.

यावर पुढचा प्रश्न येतो की टर्बाइन कंप्रेसरला फिरवतो, कंप्रेसर टर्बाइनला हवा देतो, मग उरतं काय? उरतं कारण तापलेली हवा फुगलेली असते. प्रेशर तेवढंच उतरलं तरी ती थंड हवेपेक्षा जास्त काम देते. ढोबळ हिशोब करू, काम तापमानाच्या अंशांतच मोजू. 15 अंशाची हवा 16 पट दाबली तर चांगला कंप्रेसर असेल तर तिचं तापमान साधारण 400 अंशांनी वाढतं, हीच दाबायची किंमत. मग ती 1200 अंशांच्या वर तापवली आणि टर्बाइनमधून सोडली तर साधारण 700 अंशांचं काम मिळू शकतं. त्यातले 400 कंप्रेसरच खातो! उरलेल्या 300 वर विमान उडतं. आता समजा दोन्हीकडची कार्यक्षमता 85-88 टक्क्यांऐवजी 70 टक्के आहे. कंप्रेसरला लागतात 500, टर्बाइन देतो 570. हातात काय, जेमतेम 70.

म्हणूनच कल्पना जुनी असूनही जेट इतक्या उशिरा आलं. चार्ल्स पार्सन्सने 1884 मध्ये वाफेचा टर्बाइन बनवला, नंतर तोच उलटा फिरवून कंप्रेसर करायचा प्रयत्न केला, पण उताराची पाती चढाला चालत नाहीत, कार्यक्षमता फारच कमी मिळाली. 1926 मध्ये ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश इंजिनिअरने दाखवलं की आत्तापर्यंतच्या कंप्रेसरची पाती मुळात स्टॉलमध्येच फिरतायत, प्रत्येक पात्याला विमानाच्या पंखासारखा आकार द्या. पहिली जेट इंजिनं बनवणारे ब्रिटनचा फ्रँक व्हिटल आणि जर्मनीचा हान्स फॉन ओहाइन या दोघांनी तर सुरुवातीला हवा मध्यातून घेऊन बाहेर फेकणारा सेंट्रिफ्युगल कंप्रेसरच वापरला, तो दणकट आणि कमी नखऱ्याचा. ओहाइनच्या इंजिनावर हाइंकेल 178 हे विमान उडालं 27 ऑगस्ट 1939 ला.

टर्बाइनला हवेचा त्रास नाही पण उष्णतेचा आहे. आजच्या इंजिनात त्याच्यावर येणारा वायू 1500 अंशांच्या वर असतो आणि पातं ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं तो त्याआधीच वितळतो. तरी ते टिकतं. तळहातावर मावेल एवढं ते पातं, आतून पोकळ, नागमोडी वाटा काढलेल्या, पुढच्या कडेला सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. कंप्रेसरमधून काढलेली हवा त्या भोकांतून बाहेर येते आणि पात्यावर पातळ थर धरते, आग धातूला थेट लागतच नाही. या ‘थंड’ हवेचं तापमानही 600 अंशांच्या आसपास असतं बरं का. वर अख्खं पातं एकाच क्रिस्टलचं ओततात, कारण कणांमधल्या सांध्यांतूनच ते ताणलं जाऊन फुटतं. दुसऱ्या महायुद्धातल्या युमो 004 या जर्मन जेट इंजिनाला चांगले धातू मिळत नव्हते, त्या इंजिनाचं आयुष्य 10 ते 25 तास असायचं. आजची इंजिनं हजारो तास पंखावरून उतरत नाहीत. माझ्या मते माणसाने बनवलेल्या सगळ्यात सुंदर वस्तूंमध्ये हे पातं येतं.

आणि कंप्रेसरचं दार कधी कधी उघडतं सुद्धा. पक्षी आत गेला, पाती खराब झाली किंवा हवा वेडीवाकडी आली की स्टॉल पसरतो, मागचं प्रेशर धरून ठेवायला कोणी उरत नाही आणि सगळी हवा उलटी फिरते. याला सर्ज म्हणतात. धाडकन आवाज येतो आणि इंजिनाच्या तोंडातून खरोखरच ज्वाळा बाहेर येते. ते टाळायला पुढच्या स्थिर पात्यांचा कोन वेगानुसार बदलत ठेवतात आणि मधूनच थोडी हवा सोडून देणारे ब्लीड व्हॉल्व्ह लावतात. इंजिन सुरू करतानाही म्हणूनच आधी स्टार्टरने कंप्रेसर फिरवून घेतात, इंधन नंतर.

गाडीतला टर्बो म्हणजे हीच जोडी, एका बाजूला एक्झॉस्टवर फिरणारा टर्बाइन, त्याच शाफ्टवर दुसऱ्या टोकाला कंप्रेसर, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. पेट्रोल गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय पटकन काढला की थ्रॉटल बंद होतो, दाबलेल्या हवेला जायला जागा नसते, ती पात्यांमधूनच उलटी धडका मारते आणि फडफड असा आवाज येतो. बऱ्याच लोकांना तो व्हॉल्व्हचा आवाज वाटतो, पण तो छोटा सर्जच असतो.