नुसतं ‘हो’

मंगळवार, रात्री पावणेबारा

डबा उघडत होते, भेंडी होती, डोक्यात गुरुवारचा रिलीज. तेजू म्हणाली, "ताई, रुबीत सगळं ऑब्जेक्ट ना? मग मेथडपण?" (रुबी ही आमची प्रोग्रामिंगची भाषा. ऑब्जेक्ट म्हणजे तिच्यातली स्वतःची ओळख असलेली वस्तू, मेथड म्हणजे त्या वस्तूला सांगता येणारं काम.) मी हो म्हणून गेले. नुसतं ‘हो’.

तिने तिथल्या तिथे आयआरबी उघडलं, ओळ लिहिली की लगेच चालवून दाखवणारी रुबीची खिडकी. पाचाकडे त्याची बेरजेची मेथड मागितली, तिचा ऑब्जेक्ट आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, काढला. वरचा बाण दाबून पुन्हा तेच. आकडा वेगळा. तिसऱ्यांदा तिसराच. "पाचाचा आयडी कितीदाही काढा, 11 येतो. हिचाच का बदलतो?"

नऊ वर्षं रुबी लिहितेय. नऊ. आणि ही कालची पोरगी. (अप्रेझलचं आत्ता नको.)

खरं तर ठाऊक होतं मला. मेथड राहते क्लासच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याच्या, पोटात; तिथे ती ऑब्जेक्ट नसते. आपण मागितली की रुबी तेवढ्यापुरतं एक ऑब्जेक्ट बनवून हातात ठेवते, दर वेळी नवं कोरं. डबल इक्वलने (==) विचारलं तर दोन्ही सारख्या म्हणते, ‘इक्वल’ला प्रश्नचिन्ह लावून (equal?), म्हणजे ‘अगदी तीच वस्तू का’ असं, विचारलं तर कानावर हात. स्मॉलटॉक या जुन्या भाषेचं तसं नाही, तिथे कम्पाइल्डमेथड, म्हणजे मेथडचं तयार ऑब्जेक्ट, खरोखरच क्लासच्या डिक्शनरीत बसलेली असते, दहादा मागा, तीच येते. हे सगळं ठाऊक असून तोंडातून ‘हो’ का गेलं? ‘मागितली तर’ एवढे दोन शब्द पुढे जोडले असते तर चाललं असतं की.

आईचा फोनही तसाच राहिला.

जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसले. पाचाची एक मेथड मागून हातात धरून ठेवली, क्लास उघडून तीच मेथड नव्याने लिहिली. हातातली आपली जुनंच बोलतेय. माझ्या आधार कार्डावरचा फोटो. मग अनबाइंड केलं, म्हणजे मेथड तिच्या ऑब्जेक्टपासून सोडवली, पाच सुटला. आता कॉल, म्हणजे ‘चालव’, म्हटलं तर नोमेथडएरर, ‘अशी मेथडच नाही’! मेथडलाच मेथड सापडेना. एकटीच हसले, हे झोपेतून "काय गं?" म्हणाले.

तेजूला लिहिलं, ‘तू म्हणतेस ते बरोबर. मी घाईत बोलले.’ ‘घाईत’ खोडलं, परत घातलं, पाठवलं.

बारा दहा. उत्तर आलंय. पाचाकडे तिने त्याची ‘मेथड’ नावाची मेथड (जिने मेथड मागतात तीच) मागितली, मिळाली. मग त्या मेथडकडे तिची ‘मेथड’. तीही मिळाली. सध्या चौथ्या पायरीवर आहे म्हणे. मी दुसऱ्या.