नुसता चालू ठेवला तर झिजतो का?

चिप डिझाइनमध्ये आहे म्हटलं की लोक आधी आपल्या मोबाइलची गाऱ्हाणी सांगतात आणि मग हमखास हा प्रश्न येतो: कॉम्प्युटर नुसता चालू असला, त्यावर काही काम चाललेलं नसलं, तरी आतली चिप झिजते का? त्यात हलणारं तर काहीच नाही!

तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. झिजते. आणि मला विचाराल तर कामात झिजण्यापेक्षा रिकामं बसून झिजणं जास्त वाईट, कारण ते एकाच अंगाने होतं.

ट्रान्झिस्टर म्हणजे स्विच. तो चालू धरून ठेवायला गेटवर, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या टोकावर, व्होल्टेजचा ताण द्यावा लागतो, आणि गेटखालचा ऑक्साइडचा थर असतो जेमतेम काही नॅनोमीटरचा. हा ताण आणि जोडीला उष्णता बराच काळ राहिली, की सिलिकॉन आणि ऑक्साइडच्या सीमेवर हायड्रोजनचे बंध तुटतात, ऑक्साइडमध्ये विद्युतभार अडकून बसतो. मग तोच स्विच चालू करायला आधीपेक्षा जरा जास्त व्होल्टेज लागतं; तेवढं मिळालं नाही तर तो सावकाश काम करतो. पी-मॉस ट्रान्झिस्टरांना (गेटला शून्य मिळालं की चालू होणारा प्रकार) हा त्रास विशेष, त्याला आम्ही एनबीटीआय (निगेटिव्ह बायस टेम्परेचर इनस्टेबिलिटी) म्हणतो. पुस्तकांनी खच्चून भरलेली फळी जागची न हलताही वाकते ना, तसं. पुस्तकं उतरवली की ती थोडी सरळ होते, पूर्ण होत नाही. ट्रान्झिस्टरचंही तेच.

आता क्लॉककडे, म्हणजे चिपच्या कामाचा ताल धरणाऱ्या सिग्नलकडे या. शून्य-एक-शून्य-एक असा हा सिग्नल इन्व्हर्टरच्या (शून्याचा एक आणि एकाचा शून्य करणारं छोटं सर्किट) लांब साखळीतून चिपभर पोचवला जातो. ज्या भागाला काम नाही तिथला क्लॉक आम्ही वीज वाचवायला अडवून ठेवतो, म्हणजे क्लॉक गेटिंग. अडवलेला क्लॉक बहुतेक वेळा शून्यावर थांबलेला असतो.

ही साखळी कागदावर काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पहिल्या इन्व्हर्टरला शून्य मिळतंय, म्हणजे त्याचा पी-मॉस चालू, ताणाखाली. त्याचं आउटपुट एक, म्हणून दुसऱ्याचा पी-मॉस बंद, निवांत. तिसऱ्याचा पुन्हा ताणाखाली. असं एकाआड एक. क्लॉक परत सुरू झाला की चढती कड (शून्यावरून एकवर जाणं) निवांत राहिलेल्या पी-मॉसच्या जोरावर वेळेत पोचते. उतरती कड (एकवरून शून्यावर येणं) थकलेल्यांच्या वाट्याला येते आणि रखडते. म्हणजे ज्या पातळीवर क्लॉक थांबवून ठेवला, त्याच पातळीवर परतायला तो पुढे उशीर करतो! वरचा अर्धा लांबतो, खालचा आखडतो, ड्यूटी सायकल (आवर्तनातला एकवर असण्याचा वाटा) पन्नास टक्के राहत नाही. क्लॉक सतत धावता राहिला असता तर दोन्ही कडा साधारण सारख्याच थकल्या असत्या. उशीर झाला असता, पण वाटणी टिकली असती.

एवढ्याशा फरकाने काय होतं? डीडीआर मेमरी (कॉम्प्युटरची रॅम) दोन्ही कडांवर डेटा पाठवते. डीडीआर५-६४०० चा क्लॉक ३२०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे पूर्ण आवर्तन ३१२.५ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) आणि एकेका अर्ध्याला सुमारे १५६. एक कड दहा पिकोसेकंद सरकली की एका अर्ध्यात १४६ च उरतात. डीडीआर५ च्या मानकातच ड्यूटी सायकल अ‍ॅडजस्टर आहे, तो उगाच नाही.

प्रोसेसरचं उदाहरण तर ताजं आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम कोसळत होते. सप्टेंबरात कंपनीने मूळ कारण जाहीर केलं: जास्त व्होल्टेज आणि तापमानात कोअरमधलं क्लॉक ट्रीचं (क्लॉक सगळीकडे पोचवणारं) सर्किट एजिंगला, म्हणजे झिजेला, बळी पडतं आणि क्लॉकची ड्यूटी सायकल सरकते. व्होल्टेज वाढण्याच्या कारणांपैकी एक असं, की रिकामं असताना किंवा हलकं काम असताना चढं व्होल्टेज मागितलं जात होतं. तुमच्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर मला तरी ठाऊक नाही.

चिपमध्येच सोय केलेली असेल तर बिघडलेली वाटणी दुरुस्त होते. क्लॉक आर-सी फिल्टरमधून (चढउतार सपाट करणारं सर्किट) काढला की त्याची सरासरी मिळते. पुरवठा १ व्होल्ट असेल तर ती नेमकी ०.५ यायला हवी. ०.५३ आली तर वरचा भाग ५३ टक्के झालाय. कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारं सर्किट) हे ओळखतो, काउंटर एकेक पायरी सरकतो आणि चढती कड हळूहळू उशिरा आणली जाते, दोन्ही अर्धे जुळेपर्यंत. मोजमाप मात्र साखळीच्या शेवटाला हवं; सुरुवातीला मोजून उपयोग नाही, बिघाड पुढे आहे. शिवाय हा कंपॅरेटरही त्याच सिलिकॉनचा, तोही एका बाजूला कलतो. म्हणून त्याची दोन इनपुटं अधूनमधून अदलाबदल करायची.

माझा स्वतःचा कल दुसऱ्या उपायाकडे आहे: क्लॉक एकदा शून्यावर थांबवायचा, पुढच्या वेळी एकवर. ताण दोन्हीकडे वाटला जातो. फुकट नाही हे, गेटिंगचं लॉजिक वाढतं आणि थांबवताना खोटी कड निसटणार नाही हे डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं. पण रोग झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा मला ते परवडतं.

राहिला घरचा पीसी. रिकामा चालू आणि बंद यांत फरक आहे. बंद म्हणजे व्होल्टेज नाही, ताण नाही, झालेली झीजही थोडी भरून निघते. तेव्हा रात्री बंदच करा, लाइट बिलही कमी येईल. त्या दोन पिढ्यांचा इंटेल असेल तर बायोस अपडेट करून घ्या, ०एक्स१२बी किंवा त्यापुढचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) हवा. आणि प्रोसेसर आधीच अडखळत असेल तर अपडेटने तो बरा होणार नाही, सरकलेली कड काही परत येत नाही. कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, बिल शोधा आणि बदलून मागा.