हातचा कुठे चुकतो?

मूल गुणाकारात अडकलं की घरातून पहिला हुकूम सुटतो, पाढे पाठ कर. पाढे हवेतच. पण चुकलेलं उत्तर नीट बघा, पुष्कळदा पाढा बरोबर असतो आणि घोळ हातच्याचा असतो.

समजा, परळला ४७ मजली टॉवर आहे, दर मजल्यावर ६ फ्लॅट. सहा साती बेचाळीस, २ एककाखाली, हातचे ४. सहा चोक चोवीस आणि हातचे ४, अठ्ठावीस. उत्तर २८२. मुलाने ४८२ लिहिलंय? मग त्याने हातचा आधी मिळवला: ४ आणि ४ आठ, सहा आठी अठ्ठेचाळीस. बेरजेत हातचा आधी धरला तरी चालतं, तीच सवय इथे नडते. हातचे ४ म्हणजे ४ दशक, मोजून झालेले ४० फ्लॅट. त्यांना परत सहाने गुणायचं नाही. ५० मजले धरले तरी फ्लॅट ३००च होतात, मग ४८२ आले कुठून, एवढंच विचारा. खोडरबर तो स्वतः शोधेल.

४७ × ३६ ला थेट उभ्या मांडणीवर उडी नको. आधी चार खणांची चौकट काढा. वर ४० आणि ७, डावीकडे ३० आणि ६. खणांत येतात १२०० आणि २१०, खाली २४० आणि ४२. वरच्या ओळीची बेरीज १४१०, खालचीची २८२. मग शेजारी उभी मांडणी करा: पहिली ओळ २८२, दुसरी १४१०, एकूण १६९२. तेच आकडे पुन्हा आले की दुसऱ्या ओळीतलं शून्य का, हे वेगळं सांगावं लागत नाही. ते शून्य विसरलं की उत्तर ४२३ येतं. १८९२ आलं तर समजा, पहिल्या ओळीचा हातचा ४ दुसऱ्या ओळीत पुन्हा धरला गेला, तिथे हातचे २ हवे होते. म्हणून ओळ संपली की वरच्या हातच्यावर काट मारायची. वही चौकटींचीच घ्या, एका चौकटीत एक अंक. आणि पाढ्यांचा तक्ता खुशाल समोर ठेवू द्या. एका वेळी एकच परीक्षा.

मधलं शून्य मात्र भल्याभल्यांना चकवतं. ३०६ × ७ मध्ये सात गुणिले शून्य शून्य, पण हातचे ४ तिथेच उतरतात: २१४२. ते शून्यावरून उडी मारून शतकात गेले तर २५०२.