‘वाढलं’ म्हणणारी खानावळ

“मावशी, सोलापुरात उतरलोय. कुठं जेवू?” असा फोन मला महिन्यातून तीनचारदा तरी येतो. कधी भाचा असतो, कधी जुन्या ऑफिसमधलं कुणी, कधी मैत्रिणीचे यजमान. एका सहकारी बँकेच्या शाखांची तपासणी करण्यात माझी २६ वर्षं गेली. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि खाली सिंधुदुर्ग. एसटीनं जायचं, दोनतीन दिवस राहायचं, बाहेर जेवायचं. त्यामुळं गावोगावच्या चांगल्या हॉटेलांची यादी माझ्याकडं असणार असं सगळ्यांना वाटतं. तशी यादी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग नव्या गावात कुठं चांगलं मिळेल हे तुम्हाला कळतं कसं? फोनवर हे सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

दुपारी दोननंतर दारात उभं राहिलं की आतून जी खानावळ सांगते, “वाढलं आता, उद्या लवकर या,” तिथं मी दुसऱ्या दिवशी बाराला हजर असते. माझी परीक्षा एवढीच आहे.

‘वाढलं’ हा शब्द मला आजीनं दिला. घरात तांदूळ संपले असं ती कुणाला म्हणू द्यायची नाही. तांदूळ वाढले, मीठ वाढलं, असं म्हणायचं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकानदार रात्री दुकान वाढवतो, तसंच हे. आमच्याकडच्या जुन्या खानावळींत हा शब्द अजून ऐकू येतो, आणि पोटात भूक असली तरी तो ऐकून मला बरं वाटतं.

त्याचं कारण मिसळीवरून सांगते. मटकी आठदहा तास भिजवायची, मग उपसून फडक्यात बांधून ठेवायची, तेव्हा कुठं दुसऱ्या सकाळी चांगले मोड दिसतात. म्हणजे आज तुमच्या पुढ्यात आलेली मिसळ किती ताटल्या होणार, हे परवा रात्रीच ठरलेलं असतं. साडेदहाला गिऱ्हाईक वाढलं म्हणून मटकी वाढत नाही. कट वाढवता येतो, पाणी ओतून; पण कोल्हापुरात कट पातळ केला की ब्रेडचा पहिला तुकडा बुडवणारा माणूस मालकाकडं मान वर करून बघतो. मोठ्या व्यापाची हॉटेलं पाळ्या लावून भिजवतात हे मला माहीत आहे, काहींची मिसळ उत्तमही असते. पण अनोळखी गावात माझा विश्वास अकरा-साडेअकराला पातेलं घासायला टाकणाऱ्यावर जास्त बसतो.

मटणाच्या ताटाला मी वेगळी खूण लावते. कोल्हापुरी ताटात तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा अशा दोन वाट्या येतात. बहुतेक लोक तांबड्यावरून मत बनवतात. मी आधी पांढरा पिते. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस-काजू-तिळाचं वाटण, फोडणीला लवंग, दालचिनी, मिरी. त्यात लाल चटणीचा कण नाही, मग चूक लपणार कुठं? तांबड्यावर तेलाचा तवंग असतो, सकाळचा रस्सा रात्री खपून जातो. पांढरा पुन्हा पुन्हा उकळला की नारळाचं दूध फाटतं. वाटी जराशी तिरकी करा आणि रस्सा सरकल्यावर काठाकडं बघा. सायीसारखा गुळगुळीत, पातळ थर राहिला असेल तर तो त्या वेळचा आहे. रव्यासारखे कण चिकटले असतील तर तो तापवून तापवून आलेला आहे. कोल्हापुरी म्हणजे जाळ, असं बाहेरच्या मेनूकार्डांनी लोकांच्या डोक्यात बसवलंय, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या गावानं पांढरा रस्सा केला, त्या गावाच्या नावानं नुसतं तिखट विकलं जातं.

एकदा जुलै महिन्यात मला मालवणला पाठवलं होतं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. स्टँडवरून येताना एका मोठ्या हॉटेलाबाहेर ‘ताजी सुरमई’ असा फळा दिसला. दमले होते, गेले. वर रव्याचं जाड कवच, आत मांस पिठूळ, बोट लावलं की भुगा. बर्फातली आहे असं सांगितलं असतं तर मी समजून खाल्लीही असती. ताजी म्हणून दिली, याचा राग आला आणि तो रात्रभर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाखेतल्या शिपाईमामांनी एका घराकडं बोट दाखवलं. पडवीत चार टेबलं. मी सवयीनं मासे विचारले, तर ती बाई म्हणाली, “बाय, आता मासे खंयचे? पिठी-भात आसा, सुको बांगडो भाजतंय.” गरम उकडा भात, वर कुळथाची पिठी आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. बाहेर पाऊस कोसळत होता आणि बांगड्याचा वास सगळ्या पडवीत भरला होता. मालवणात मी पुढं पापलेट, सुरमई, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सगळं पोटभर खाल्लं. तरी मालवण म्हटलं की मला आधी ती पिठी आठवते. जे नाही ते तिनं नाही म्हणून सांगितलं, आणि जे होतं ते मान खाली न घालता वाढलं.

आता विचारायचं कुणाला, हे सांगते. “इथं चांगलं हॉटेल कुठलं?” असं विचारू नका. समोरचा माणूस तुमचे कपडे, तुमची बॅग बघतो आणि तुम्हाला शोभेल असं एसी हॉटेल सांगतो. मी शाखेत गेले की शिपाईमामांना विचारायची, “मामा, डबा विसरलात तर तुम्ही कुठं जेवता?” या प्रश्नाला खोटं उत्तर मला एकदाही मिळालं नाही. बँकेत काम नसेल तर पोस्टात विचारा, एसटीच्या कंडक्टरला विचारा, शाळेच्या फाटकावर विचारा.

सुरुवातीच्या वर्षांत एकटी बाई खानावळीत शिरली की सगळी मान वळवून बघायचे. मालक लगबगीनं पडद्यामागच्या ‘फॅमिली रूम’कडं हात करायचा. तिथं वारा नाही, उजेड नाही, आणि वाढणारा पोरगा तुम्हाला विसरून जातो. मी स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मागायला लागले. आत मालकाची बायको किंवा सून भाकऱ्या थापत असायची, तिच्या नजरेसमोर बसलं की मला निर्धास्त वाटायचं. मग लक्षात आलं की खानावळीतली सगळ्यात चांगली जागा हीच. भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, वाफ कोंडून ओली व्हायला तिला वेळच मिळत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते कागदावर वाचून कळत नाही. त्या काळ्या रानातल्या मालदांडीची भाकरी फुगून फुटते, आतली गोडसर वाफ तोंडावर येते, तेव्हा कळतं.

सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र या हिशेबात धरू नका. त्या टिकण्यासाठीच केलेल्या असतात. डब्यात भरून घरी आणा, दही घालून आठवडाभर खा.

खरेदीतही माझा हाच नियम आहे. नको म्हणणारा दुकानदार शोधायचा. कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत एक भाजीवाली मावशी आहे, तिच्याकडं मी १५ वर्षं जाते, ते तिनं एकदा माझ्या हातातलं वांगं काढून घेतलं म्हणून. “भरताला हे नेऊ नका ताई, बी धरलंय.” मग तिनं त्याच आकाराची दोन वांगी माझ्या दोन तळव्यांवर ठेवली. एक हलकं, एक जड. जड ते बियांनी भरलेलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच तुकतुकीत दिसत होती. मोबाईलवर दहा मिनिटांत भाजी घरी येते हे मला ठाऊक आहे. आजारपणात मीही मागवली आहे, आणि सोय झाली. पण हातावर वजन तोलून ‘हे नको’ म्हणणारं त्यात कुणी नाही, आणि मला ते माणूस हवं असतं.

वर्षाच्या चटणीची खरेदी तर मी कुणावर सोडतच नाही. आम्ही कांदा-लसूण मसाल्याला चटणी म्हणतो. उन्हाळ्यात मिरची घ्यायची, वाळवायची, डंकावर कुटून आणायची. तिखटपणाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. नुसती ब्याडगी घेतली तर रस्सा लालभडक दिसतो आणि जिभेला काही लागत नाही. मूठभर मिरच्या कानाशी धरून हलवायच्या. आतलं बी खुळखुळलं पाहिजे. मुकी मिरची ओलसर असते, ती पावसाळ्यात बरणीत बुरशी धरते. देठाशी पांढरट डाग असेल तर पोत्यातून पुढची मूठ काढायला लावायची. व्यापारी वैतागतात. वैतागू देत, वर्षभर ती चटणी माझ्या घरात असते. आणि फाल्गुनाच्या सुमाराला बरणीचा तळ दिसायला लागला की मी सगळ्यांना सांगते, चटणी वाढत आली, हात आखडता घ्या.

खाण्याबद्दल बोलताना मी कुस्तीवर का येते, असं नवी ओळख झालेले विचारतात. माझा मोठा भाऊ तालमीत होता. पहाटे जोर-बैठका, मग मातीत लढत, आणि घरी आल्यावर तो जे जेवायचा ते बघून मला पहिल्यांदा भूक म्हणजे काय ते समजलं. आई रात्री बदाम भिजत घालायची. सकाळी ते सोलून, बडीशेप, खसखस, मिरी, वेलची घालून कुंडीत घोटायचं काम माझ्याकडं. लाकडी सोटा फिरवून फिरवून मनगट भरून यायचं. वाटण बोटांत धरलं की कण लागायचा नाही, तोवर भाऊ पुढं घोट म्हणायचा. म्हशीच्या दुधातली ती थंडाई तो उभ्यानं पिऊन टाकायचा. टीव्हीपुढं बसून मॅच बघताना चिप्सचा पुडा कधी रिकामा झाला ते कळत नाही, आणि ते खाणं मला खाणंच वाटत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच असली की मी पुडीतले खारे शेंगदाणे खाते, तेही मध्यंतरात. खेळ चालू असताना हात तोंडाकडं जाऊच नये.

कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, ते १९१२ साली पुरं झालं. आखाडा मधोमध खाली, भोवतीनं चढत गेलेली बैठक, त्यामुळं शेवटच्या माणसालाही पैलवानानं टाकलेला पटाचा डाव दिसतो. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते आजोळच्या जत्रेचं मैदान. सकाळी रेवड्यांवरच्या कुस्त्या, सातआठ वर्षांची पोरं धुळीत लोळायची आणि जिंकणारा मूठभर रेवड्या घेऊन आईकडं पळायचा. मग नारळावरच्या, मग इनामाच्या, आणि दिवस कलताना मानाची. ती सुटली की गाव जेवायला बसायचं. घराघरात मटण शिजलेलं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी पैलवानाचा हात धरून त्याला आत ओढून पानावर बसवायचे, तुझं गाव कुठलं हे त्याच्या पोटात दोन भाकऱ्या गेल्यावर विचारायचे.

माझा मामा वाढायला बादली घेऊन फिरायचा. त्या रात्री तरी ‘वाढलं’ म्हणायची सोय नव्हती. उशिरा कुणी आलं की मामी चुलीवर रस्स्यात गरम पाणी ओतायची, वरून चटणी, मीठ, कोथिंबीर, एक उकळी, की झालं. तो पातळ रस्सा मीही प्यायलेय, हावरटासारखा प्यायलेय. पैसे घेऊन पाणी घातलेला रस्सा मला खपत नाही. मामीचा मला चालायचा, कारण तिनं स्वतःच्या वाटीतही तोच घेतलेला असायचा, आणि बोट्या कधीच्या पाहुण्यांच्या पानात गेलेल्या असायच्या.

परवा ज्यांनी मंगळवेढ्याहून पावणेतीनला फोन केला होता, त्यांच्यासाठी: तुम्हाला त्या खानावळीतून परत यावं लागलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुन्हा जाल तेव्हा साडेबाराच्या आत पोचा, स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मागा, आणि पहिली भाकरी फुटेपर्यंत भाजीला हात लावू नका.