कंबोईला जायचं तर आधी तिथी बघा

मही नदी खंभातच्या आखाताला मिळते तिथे दक्षिण काठावर कावी-कंबोई आहे. वडोदऱ्यातले बहुतेक जण हे ठिकाण स्तंभेश्वर महादेवामुळे ओळखतात. भरतीला पिंड पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते, दिवसातून दोनदा. आम्ही या हिवाळ्यात दोन खेपा केल्या त्या मात्र समोरच्या चिखलावर उतरणाऱ्या पक्ष्यांसाठी. पहिली खेप वाया गेली. दुसऱ्या खेपेला जे पाहिलं ते आठवून अजून झोप लागत नाही. दोन्ही वेळा माणसं तीच, दुर्बीण तीच, बसायची जागाही तीच. फरक होता तो तिथीचा.

मार्गशीर्ष पौर्णिमेला माझा आतेभाऊ, आमचा दादा, गुहागरहून वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला होता. समुद्राकाठी वाढलेला माणूस, उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती) आणि भांग (अष्टमी-नवमीची लहान भरती) त्याला पंचांगासारखे पाठ. कोकणातला जुना हिशोब त्यानं घातला: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आठला पोहोचलो की पाणी चढत असणार आणि पक्षी काठाकडे सरकत असणार. आम्ही अंधारातच निघालो.

पोहोचलो तर पाणी चढायच्या ऐवजी उतरत होतं. साडेदहापर्यंत समोर नुसता चकाकणारा करडा चिखल, आणि त्याच्या पार टोकाला, दुर्बिणीतही तिळाएवढे दिसणारे ठिपके. तिथे हजारो पक्षी होते हे कळत होतं, पण एकाचंही नाव सांगता येत नव्हतं. जाळं सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना दादानं विचारलं, तर ते म्हणाले, "पाणी तो साडा चार वागे आवशे, भाई."

दादाचा हिशोब कोकणासाठी बरोबरच आहे. पण खंभातचं आखात म्हणजे नरसाळं. खुल्या समुद्रातली भरती त्यातून वर चढत इथपर्यंत यायला कित्येक तास लागतात, आणि वाट अरुंद होत जाते तसं पाणी फुगत जातं. पलीकडे भावनगरला उधाणाच्या भरती-ओहोटीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो. एवढं पाणी जवळजवळ सपाट चिखलावरून मागे हटलं की काठ पार नजरेआड होतो. तेव्हा पाऊणपट काढा आणि तीत साधारण साडेचार-पाच तास मिळवा. हा अंदाजच आहे, नेमकी वेळ निघण्याआधी भरतीच्या तक्त्यावरून पक्की करून घ्या. मंदिरातही तिथीवार वेळा सांगतात.

दुसऱ्यांदा गेलो ते पौष शुद्ध एकादशीला. अकराची पाऊणपट सव्वाआठ, अधिक पावणेपाच तास, म्हणजे दुपारी एकची भरती. उधाणही नाही आणि भांगही नाही, मधलं पाणी. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि थर्मासभर चहा घेऊन साडेसातला निघालो. पादरा, जंबुसर, कावी असा रस्ता, एकूण पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. पेट्रोल आणि इतर सोय जंबुसरलाच उरकून घ्या. एसटीनं येणाऱ्यांना जंबुसरपर्यंत अडचण नाही, पुढच्या टप्प्यासाठी वाहन ठरवलेलं बरं. जंबुसरनंतर तुरीच्या आणि कपाशीच्या शेतांवर नजर ठेवा. आम्हाला तिथे शेताला समांतर, अगदी खालून तरंगत जाणारा हॅरियर हा शिकारी पक्षी दिसला. उत्तरायणाचे दिवस असतील आणि दुचाकीवर असाल, तर गळ्याभोवती जाड मफलर हवाच. मांजा दिसत नाही, कापल्यावरच कळतो.

पावणेदहाला काठावर बसलो. भरतीच्या तीन तास आधी पोहोचायचं, एक जागा धरायची आणि हलायचं नाही. आपण पक्ष्यांकडे जायचं नसतं, पाणी त्यांना आपल्याकडे आणतं.

पहिला तासभर काही घडत नाही. मग चिखलातल्या बारीक ओहळांमधून पाणी उलटं वाहायला लागतं. आवाज असा नसतो, एक सळसळ असते. त्या पाण्याच्या कडेकडेनं पक्षी मागे सरकत येतात, आणि मघाशी ठिपके असलेल्यांना पाय, चोच, चाल मिळत जाते. सगळ्यात आधी ओळखू आला कर्ल्यू: कोंबडीएवढा, मातकट रंगाचा, आणि खाली वाकलेली वीतभर चोच. तो ती मुळापर्यंत चिखलात खुपसून खेकडे आणि किडे ओढून काढतो. त्याच्याजवळ गॉडविट, सरळ लांब चोचीचे. या लांब चोचीच्या पक्ष्यांना चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडता येतं, म्हणून खोल चिखलातही भक्ष्य चिमटीत धरता येतं. टिलव्यांची (सँडपायपर) चोच मध्यम, ते वरच्या थरात शोधतात. छोटे चिखले (प्लव्हर) तर चोच फारशी खुपसतच नाहीत. डोळ्यांनी हेरायचं, चार पावलं धावायचं, टिपायचं आणि थबकायचं. एकाच चिखलात इतके जण एकमेकांच्या ताटात हात न घालता जेवतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण एकाच नजरेच्या टप्प्यात चारही लांबीच्या चोची कामात असलेल्या पाहिल्या तेव्हा खरं समजलं.

साडेअकरानंतर डनलिन आणि स्टिंट हे आणखी छोटे पक्षी आले. स्टिंट मुठीत मावेल एवढा, वजन वीस-तीस ग्रॅम, आणि वीण घालतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. हजारोंचा थवा एकदम वळला की पोटाचा पांढरा रंग चमकतो, परत वळला की थवा चिखलात विरघळून जातो. उचाट्यांची (अ‍ॅव्होसेट) रांग वर वळलेल्या चोची डावी-उजवीकडे फिरवत उथळ पाण्यातून गेली. मागे रोहित (फ्लेमिंगो) होते, खोल पाण्यातही त्यांना घाई नसते. मोजायचं असेल तर दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि थव्यावर ती किती वेळा बसते ते पाहा. एकेक मोजायला गेलात तर विसाच्या पुढे थवा उडालेला असतो.

सव्वाबाराला चिखलाची शेवटची पट्टी उरली आणि सगळे तीवर दाटीवाटीनं उभे राहिले. बरेचसे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत. आमच्यापासून शंभर पावलांवर. बायनॉक्युलर आठ बाय बेचाळीसचं होतं, तेवढं पुरलं. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एका डोळ्यानं बघायची दुर्बीण, असेल तर मात्र तो इथेच सार्थकी लागतो.

ही झोप मोडू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. भरतीचे ते दोन-तीन तास त्यांची विश्रांती असते. प्रत्येक वेळी उडवलं की परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी जळते. आम्ही होतो तेवढ्यात एक जण फोटोसाठी टाळ्या वाजवत काठानं पुढे गेला. अख्खा थवा उठला, चार घिरट्या घालून पलीकडे धुवारणच्या दिशेनं गेला आणि परत आला नाही. ड्रोन तर आणूच नका.

चिखलात उतरू नका. गमबूट असले तरी नाही. वरून घट्ट दिसतो, गुडघ्यापर्यंत रुतल्यावर पाय निघत नाही, आणि इथलं पाणी माणसाच्या चालीहून वेगानं येतं. मुलं बरोबर असतील तर एका मोठ्यानं दुर्बीण खाली ठेवून फक्त त्यांच्याकडे बघावं.

तिथी निवडताना उन्हाचाही विचार करा. समोर पश्चिम येते, त्यामुळे दुपार कलली की ऊन डोळ्यांवर येतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात. म्हणून सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान भरती असलेल्या तिथी घ्याव्यात, शुद्ध असो की वद्य, षष्ठी ते एकादशी. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, ते फार जवळ येत नाही, पण निवांत बघता येतं. पौर्णिमा-अमावास्या टाळा, मंदिरात गर्दीही तेव्हाच होते.

एक गोष्ट मला बोचत राहिली. वडोदऱ्याच्या कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा कालवा जंबुसर तालुक्यातच महीच्या खाडीला मिळतो. आपली विश्वामित्रीही ढाढर नदीमधून याच आखातात येते. आपण शहरात जे सोडतो ते शेवटी याच चिखलात मुरतं, आणि हे पक्षी त्यातलेच किडे खातात.

बदकं मात्र इथे फारशी मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी डभोईपुढचं वढवाणा गाठा. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. थापट्या, तलवार बदक, वारकरी, पट्टेरी राजहंस, आणि नशीब असेल तर मोठी लालसरी. तिथे पंचांग लागत नाही, सूर्योदयाला बांधावर असलात की झालं.

घरी आल्यावर दादाला फोन करून नवा हिशोब सांगितला. त्यानं लगेच कालनिर्णय काढायला लावलं. माघ वद्य नवमी ठरली आहे, महाशिवरात्रीची गर्दी व्हायच्या आत. पावणेसात अधिक पावणेपाच, साडेअकराची भरती. तो आदल्या रात्रीच येतोय.