गुंतवळ

९ जानेवारी

आज न्हायल्यावर पुन्हा मोजले. १९६.

मोजायचे नाहीत असं ठरवून चारच दिवस झाले होते. पण मोरीच्या जाळीवरचा ओला गोळा उचलला आणि हात थांबेना. टिश्यूवर एकेक केस सरळ करून ठेवायचा, दहा झाले की बाजूला सारायचे. शंभराच्या पुढे गेल्यावर थांबावं असं वाटलं, पण थांबलं की आकडा आणखी मोठा वाटतो, त्यापेक्षा कळलेला बरा.

दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात, डोक्यावर साधारण लाखभर असतात, हे मला आता तोंडपाठ आहे. पाठ असून उपयोग नाही. वेणीला पूर्वी रबर दोन वेढ्यांत बसायचं, आता चार वेढे मारूनही सुटतं.

परवाच्या थायरॉइडच्या रिपोर्टात टीएसएच २.६ आला. थायरॉइड मंदावली की हा आकडा चढतो. ऑगस्टमध्ये ३८ होता. डॉक्टर खूश. मीही व्हायला हवं होतं, कारण बाकी सगळं खरंच परत आलंय. सकाळची डोळ्यांची सूज गेली, आवाजातली खरखर गेली, दोन जिने चढल्यावर पायांचं शिसं होत नाही. फक्त केसांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

"अजून केस गळतात," म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे, केसांना थोडा वेळ द्या." थोडा म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं.

१२ जानेवारी

ताईने केसांच्या गोळ्या आणून दिल्या. बायोटिन, १० मिलिग्रॅम. "व्हिटॅमिनच आहे अगं, त्याने काय होतंय!" आजपासून सुरू.

२२ मार्च

दोन बातम्या. चांगली आधी. न्हायल्यावर ८८ केस! दोनदा मोजले. ताईला लगेच कळवलं, ती म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?" वर्षभरात पहिल्यांदा विंचरताना आरशात बघितलं. एरवी मी भिंतीकडे तोंड करून विंचरते.

दुसरी अशी की थायरॉइडचा रिपोर्ट उलटा गेलाय. टीएसएच ०.१, टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, वरच्या हद्दीच्या बाहेर. म्हणजे थायरॉक्सिनची गोळी जास्त होतेय. डॉक्टरांनी विचारलं, "छातीत धडधडतं? हात थरथरतात? घाम?" तिन्ही नाही. "वजन उतरलं?" कुठलं उतरतंय! ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि ७५ मायक्रोग्रॅमची गोळी ५० वर आणली. थायरॉक्सिन जास्त झालं तरीही केस गळतात, असं त्यांनीच सांगितलं. मग माझी काय तक्रार असणार?

१७ मे

जवळजवळ दोन महिने लिहिलं नाही. पेन हातात धरायचाही कंटाळा. सगळे पंखा मोठा करतात आणि मी चादर ओढून बसते. दुपारी तीनला खुर्चीतच डोळा लागला. अंगाची ही ओळखीची चाल आहे, गेल्या वर्षीची. पण रिपोर्ट म्हणतो गोळी जास्त होती, म्हणजे मीच आळशी.

केसांसाठी आज त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी केस बघितलेच नाहीत, भुवया बघितल्या. बाहेरची टोकं विरळ झालीत, तिथे मी पेन्सिल फिरवते, ते त्यांनी कापसाने पुसून पाहिलं. मग पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हळूच ओढत नेली. सात हातात आले. एक केस त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला पांढरा ठिपका. "मुळासकट येतो हो," मी म्हटलं. "हे मूळ नव्हे," त्या म्हणाल्या. मूळ डोक्यातच राहतं. हा विसाव्यात गेलेल्या केसाचा बुंधा. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो आणि नंतर गळतो. आजारपणाचा धक्का बसला की एरवीपेक्षा कितीतरी जास्त केस एकदम विसाव्याला जातात. पण ते दिसतं दोन-तीन महिन्यांनी, हातात येतात तेव्हा.

मग विचारलं, "केसांसाठी सध्या काय घेता?"

मी जरा ऐटीतच सांगितलं.

"थायरॉइडची तपासणी केली त्या दिवशीही घेतली होती?"

"हो. सकाळीच. त्यानेच तर फरक पडलाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

पुढचं मी घरी येऊन दोनदा वाचलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. बऱ्याच प्रयोगशाळांच्या यंत्रांत या तपासण्या बायोटिनच्याच जोरावर चालतात. स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिनला घट्ट पकडतं, ती पकड डिंकासारखी वापरतात. रक्तातच बायोटिनचा पूर असेल तर डिंकाच्या सगळ्या जागा तेच अडवून बसतं. मग टीएसएच असतो त्याहून कमी दिसतो आणि टी-फोर असतो त्याहून जास्त. म्हणजे हुबेहूब गोळी जास्त झाल्याचं चित्र. अन्नातून मिळतं तेवढ्याने काही बिघडत नाही. शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं. माझी गोळी होती १०,००० मायक्रोग्रॅमची. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ सालीच याबद्दल सावध केलं होतं. तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवायची असते. मला आठवडाभर बंद ठेवून पुन्हा रक्त द्यायला सांगितलंय.

२७ मे

टीएसएच ११.४. आळशी नव्हते तर.

केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार शाळेत शिकलो, परीक्षेत वाक्यात उपयोगही केला. तो इतका शब्दशः वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. केसांची गोळी, गळ्यातली ग्रंथी, आणि कापणारी मीच.

राग आला, पण धरू कुणावर? ताईवर? तिने प्रेमानेच दिल्या. डॉक्टरांनी विचारलं होतं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" मी नाही म्हणाले होते. खोटं नाही बोलले, व्हिटॅमिनला औषध म्हणतात हे डोक्यातच नव्हतं. रक्त घेणाऱ्या मुलाने मात्र सकाळी काही खाल्लंय का एवढंच विचारलं, आणि नाही म्हटल्यावर शाबासकी दिल्यासारखी मान हलवली. डॉक्टरांना फोन केला तर ते दोन क्षण गप्प. मग म्हणाले, "मी नाव घेऊन विचारायला हवं होतं." एवढ्यानेही बरं वाटलं. गोळी पुन्हा ७५.

फेरिटिन १३ निघालं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तळाला. लोहाची गोळी सुरू, पण ती रात्री. थायरॉक्सिन पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, आणि लोह किंवा कॅल्शियम त्यानंतर चार तास तरी नाही, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही.

रात्री झोप येईना म्हणून ही वही उघडली आणि मागची पानं चाळत बसले. जानेवारीत टीएसएच २.६, आणि मी १९६ केस मोजून रडतेय. ते केस तर सप्टेंबर-ऑक्टोबरात विसाव्याला गेलेले, टीएसएच अजून खाली यायचा होता तेव्हाचे. मार्चमध्ये ८८. ते थायरॉइड ताळ्यावर आल्याचं फळ होतं, जानेवारीच्याही आधी रुजलेलं. मी ते ताईच्या डबीला देऊन मोकळी झाले! उद्या ७५ ची गोळी सुरू केल्यावरही केस गळतच राहणार, आणि ही वही नसती तर मी त्याचं खापर लोहाच्या गोळीवर फोडलं असतं.

कॅलेंडरचं जुलैचं पान उलटून पेन्सिलने छोटंसं लिहिलं : गळतील.

१४ जुलै

गळले. १७१.

मजा म्हणजे पोटात तसा खड्डा पडला नाही. पाहुणे सांगितलेल्या गाडीने आले तर कुणी दचकत नाही. गोळा उचलला, टिश्यूत गुंडाळला, टाकला. मोजले अर्थात, ते सुटत नाही.

आई म्हणते, "कापून टाक खांद्यापर्यंत, जीव तरी रमेल." कापल्याने गळणं थांबत नाही, पण जाळीवरचा गोळा लहान दिसतो हे खरं. विचार करतेय.

३० जुलै

टीएसएच ३.१. कापले.

२१ सप्टेंबर

आठवड्यात एकदाच मोजते आता. ७४.

भांग अजून रुंदच आहे. भुवयांची टोकंही नाहीत, पेन्सिल चालू आहे. फेरिटिन ३१, अजून गोळ्या घ्यायच्यात. त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, वेणीला पहिला जाडपणा यायला वर्षाच्या वर जाईल, आणि सगळा येईलच असंही नाही. चाळिशीनंतर भांग थोडा रुंदावतोच, ते थायरॉइडच्या खात्यात मांडू नका म्हणाल्या. ताई परवा विचारत होती, डबी अर्धी पडलीय तर ती घेऊ का. घे म्हटलं, पण रक्त द्यायला जाशील तेव्हा सांग.

आज सकाळी खिडकीशी उभी होते, ऊन मागून येत होतं. आरशात कपाळाच्या कडेने काहीतरी तरंगताना दिसलं. धूळ वाटली म्हणून हात फिरवला, गेली नाही. दीड-दोन सेंटिमीटरचे केस, ताठ, टोकं अणकुचीदार, कपाळभर झालरीसारखे उभे. पिन लावली, निसटले. तेल लावून चापून बसवले, पाच मिनिटांत पुन्हा वर.

नवरा दारातून जाताना म्हणाला, "पुढचे केस पिंजारलेत तुझे, पाणी लाव जरा."

नाही लावलं.